बंद पॉलिहाऊस भाड्याने घेताय? आधी मुळं उपटून बघा



"सर, चाकणला कंपनीत आहे. तळेगाव-चाकण रोडच्या आत दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस भाड्याने मिळतंय. सांगाडा चांगला आहे, ड्रिप चालू आहे, फक्त पेपर बदलायचा. घेऊ का?" या पट्ट्यातून हा प्रश्न फार वेळा येतो. भाडेकरार, पाणी, वीज, बाजार हे सगळं व्हिडिओत बोललोय. एक विषय मात्र तिथे वेळेत बसत नव्हता, म्हणून आजचा हा धडा फक्त त्याच्यावर. पॉलिहाऊस बंद का पडलं, हे मालक सांगतो ते एक कारण असतं. मातीत दुसरं असू शकतं. त्या दुसऱ्या कारणाचं नाव सूत्रकृमी. शेतकरी त्याला निमॅटोडच म्हणतात, म्हणून मीही दोन्ही शब्द वापरतो.

थोडं शास्त्र आहे. घाबरू नका, दहावीच्या विज्ञानाच्या पुढे फारसं नाही. पण हे शास्त्र समजलं नाही तर पुढचा पैशांचा हिशोब समजणार नाही, म्हणून सावकाश वाचा.

मातीत सूत्रकृमींच्या कितीतरी जाती असतात, त्यातल्या बऱ्याच निरुपद्रवी. आपल्याला त्रास देणारा मुख्य म्हणजे मुळांवर गाठी करणारा, शास्त्रीय नाव मेलॉइडोगायने. यातली इनकॉग्निटा ही जात आपल्याकडच्या उबदार हवेत सर्रास सापडते. सिमला मिरची, काकडी, टोमॅटो, जरबेरा, कार्नेशन, म्हणजे पॉलिहाऊसमध्ये आपण जे जे लावतो ते जवळजवळ सगळं तिला चालतं. २००० पेक्षा जास्त प्रकारच्या वनस्पतींवर ती जगू शकते. त्यामुळे "या वर्षी मिरची, पुढच्या वर्षी काकडी, झाला फेरपालट" असं कुणी सांगत असेल तर तो फेरपालट आपल्यासाठी आहे, निमॅटोडसाठी नाही. त्याला फक्त मेनू बदलून मिळतो.

हा काही पॉलिहाऊसबरोबर आलेला नवा रोग नाही. १८५५ मध्ये इंग्लंडमध्ये बर्कली नावाच्या अभ्यासकाने काचगृहातल्या काकडीच्या मुळांवर अशा गाठी पाहिल्या आणि त्याची नोंद केली. म्हणजे पहिली नोंदच मुळी संरक्षित शेतीतली, आणि पीकही आपल्या ओळखीचं! भारतात १९०१ मध्ये बार्बर यांनी दक्षिणेतल्या देवाला इथल्या चहाच्या मळ्यात हा कृमी नोंदवला. छप्पर, ऊब, ओलावा आणि वर्षभर पीक, हे चार जिथे एकत्र येतात तिथे याचं घर बसतं.

आता मूळ गोष्ट. हा कृमी खातो कसा?

अळी किंवा मावा झाडाचं जे तयार आहे ते खातात. पान कुरतडलं, रस शोषला, पुढे गेले. आपल्यालाही दिसतं, फवारणी करता येते. मूळगाठ सूत्रकृमी तसं करत नाही. तो झाडाच्या चार-सहा पेशी निवडतो आणि त्यांचं काम बदलून टाकतो. त्या पेशी आयुष्यभर त्याच्यासाठी जेवण बनवत बसतात. साहित्य झाडाचं, यंत्रणा झाडाची, मजुरी झाडाची.

सुरुवात अंड्यातून होते. अंड्यातून बाहेर पडणारं पिल्लू जेमतेम ०.४ मिलिमीटर लांबीचं, डोळ्याला न दिसणारं. तोंडात एक पोकळ सुई असते, इंजेक्शनच्या सुईसारखी. मातीच्या कणांभोवती जो पाण्याचा पातळ थर असतो त्यातून ते पोहत जातं. म्हणजे ड्रिपने आपण सतत वाफसा ठेवतो ती त्याची वाट. मुळातून झिरपणाऱ्या द्रव्यांच्या मागावर ते मुळाच्या टोकापाशी पोचतं आणि टोकाच्या जरा मागे, जिथे मूळ लांब होत असतं तिथे, आत शिरतं.

शिरताना ते सुई टोचतं आणि पेशींच्या भिंती विरघळवणारी विकरं सोडतं. ही विकरं कुठून आली ते ऐकण्यासारखं आहे. सेल्युलोज विरघळवणं हे सहसा जिवाणू आणि बुरशीचं काम. बहुतेक प्राण्यांना ते स्वतःच्या बळावर जमत नाही, गाईम्हशीसुद्धा पोटातल्या जिवाणूंवर अवलंबून असतात. पण १९९८ मध्ये सूत्रकृमींच्याच दुसऱ्या एका गटात, सिस्ट सूत्रकृमींमध्ये, अशी विकरं बनवणारी त्यांची स्वतःची जनुकं सापडली. पुढे २००८ मध्ये इनकॉग्निटाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्यातही अशा भिंत विरघळवणाऱ्या विकरांची जनुकं मोठ्या संख्येने दिसली. ही जनुकं फार पूर्वी जिवाणूंकडून या कृमींकडे आली असावीत, असं शास्त्रज्ञ मानतात. थोडक्यात, हत्यार दुसऱ्याचं.

आत शिरल्यावर तो सरळ मुळाच्या गाभ्याकडे जात नाही, कारण जाऊ शकत नाही. गाभ्यात पाणी वर नेणारी जलवाहिनी आणि अन्न खाली आणणारी रसवाहिनी असते. तिच्याभोवती पेशींचं एक कडं असतं आणि त्या कड्यात मेणचट पदार्थाचा बंदोबस्त असतो. कंपनीचं मेन गेटच म्हणा ना. मग हा पठ्ठ्या पेशींच्या मधून वाट काढत मुळाच्या टोकापर्यंत खाली उतरतो. तिथे पेशी अजून नव्या, कोवळ्या, कडं तयार झालेलं नसतं. तिथून यू-टर्न मारून गाभ्यात शिरतो आणि वर चढतो. वाटेत पेशी फोडत नाही, मधून सरकतो. आरडाओरडा नको असतो त्याला.

गाभ्यात योग्य जागा सापडली की तो थांबतो. कायमचा. आता तो साधारण ५ ते ७ पेशी निवडतो आणि सुईतून त्यांच्यात आपल्या ग्रंथींमधले स्राव सोडतो. या स्रावांमध्ये जी प्रथिनं असतात त्यांना इफेक्टर म्हणतात. मी यांना सोप्या भाषेत बनावट परचेस ऑर्डर म्हणतो. कंपनीची मशिन तीच, ड्रॉइंग तीच, ऑपरेटर तेच. फक्त कुणीतरी कंपनीच्या लेटरहेडवर खोटी ऑर्डर घुसवली आणि लाइन वेगळाच माल काढू लागली. हे नुसतं उदाहरण नाही, जवळजवळ असंच घडतं. झाडं आपल्या पेशींना "वाढा", "विभागा", "थांबा" असे निरोप देण्यासाठी छोटी प्रथिनं वापरतात, आणि सूत्रकृमी त्यांच्यासारखी दिसणारी प्रथिनं बनवतात. २००६ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी असाच एक खोटा निरोप प्रयोगात बंद करून दाखवला. कृमीचं ते जनुक गप्प करणारी रोपं तयार केली, आणि त्यांच्यावर गाठी बऱ्याच कमी आल्या.

खोटी ऑर्डर मिळाल्यावर पेशीत काय होतं? पेशीचं केंद्रक विभागतं. साधारणपणे केंद्रक विभागलं की मध्ये भिंत येते आणि एकाच्या दोन पेशी होतात. इथे भिंत पुरी होतच नाही. केंद्रक पुन्हा विभागतं, पुन्हा, पुन्हा. एकाच पेशीत शंभराच्या आसपास केंद्रकं जमू शकतात. पेशी फुगत जाते, शेजारच्या सामान्य पेशीच्या सुमारे ४०० पट होते. आतली मोठी रिक्तिका, म्हणजे पेशीची पाण्याची टाकी, फुटून लहान लहान होते आणि सगळी जागा दाट पेशीद्रवाने भरते. जितकी केंद्रकं जास्त तितकी प्रथिनं बनवायची क्षमता जास्त. या पेशींना जायंट सेल, मराठीत महापेशी म्हणतात.

अजून एक गोष्ट होते आणि ती आपल्या पट्ट्यातल्या लोकांना लगेच कळेल. महापेशीची जी बाजू जलवाहिनीला चिकटलेली असते तिथे भिंत आतल्या बाजूला घड्या घालते. गाडीच्या रेडिएटरला पातळ पट्ट्या कशासाठी असतात? पृष्ठभाग वाढवायला. तेच तंत्र. घड्यांमुळे पेशीच्या पडद्याचा पृष्ठभाग वाढतो आणि वाहिनीतून पाणी, शर्करा, अमिनो आम्लं खेचून घेण्याची ताकद वाढते. झाडाला हे तंत्र माहीत असतंच, जिथे जास्त माल इकडून तिकडे न्यायचा तिथे ते स्वतःही अशा पेशी बनवतं. कृमीने ते चुकीच्या जागी बनवून घेतलं, इतकंच.

महापेशींच्या भोवतालच्या पेशीही वाढतात, विभागतात, मूळ सुजतं. बाहेरून आपल्याला दिसते ती गाठ. म्हणजे गाठ हे घर, आणि जेवण आतल्या त्या ५-७ पेशींत.

खाण्याची पद्धतही सावध. सुई महापेशीत जाते, पण पेशी मरू देत नाही. सुईच्या टोकापाशी पेशीद्रवात एक बारीक नळी तयार होते, ती गाळणीसारखं काम करते. तिच्यातून पातळ अन्न ओढायचं, मग पुढच्या महापेशीकडे वळायचं, तिथे नवी नळी. एक संपली, दुसरी, तिसरी, पुन्हा पहिली. मेसच्या टेबलवर बसून सगळ्या भांड्यांतून वाढून घेतल्यासारखं.

आणि इथे त्याची कमजोरीही आहे, ती लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. एकदा बसला की त्याचे हालचालीचे स्नायू झिजून जातात. फक्त डोकं हलतं. मादी फुगून नासपतीच्या आकाराची, पांढरी होते आणि जागची हलत नाही. महापेशी मेल्या तर ती उपाशी मरते, दुसरीकडे जाऊ शकत नाही. सगळं भांडवल एकाच साइटवर.

मादीला नराची गरजही नसते, नराशिवायच अंडी घालते. एका चिकट पुंजक्यात ३०० ते ५०० अंडी, बहुतेक वेळा गाठीच्या पृष्ठभागावर. माती २५ ते ३० अंश तापमानाची असेल तर अंड्यापासून अंड्यापर्यंतचं हे चक्र साधारण तीन-चार आठवड्यांत पूर्ण होतं. आपलं पॉलिहाऊस वर्षातला बराच काळ याच तापमानात असतं. समजा एका मादीच्या ४०० अंड्यांपैकी फक्त ५ टक्के यशस्वी झाली. वीस माद्या. पुढच्या महिन्यात ४००, त्याच्या पुढच्या महिन्यात ८०००. प्रत्यक्षात मुळावर जागा संपते म्हणून ही वाढ अशी सरळ चालत नाही, पण सिमला मिरची आठ-नऊ महिने उभी राहते, त्यामुळे त्याच्याकडे वेळ भरपूर असतो. उघड्या शेतात उन्हाळ्यात जमीन तापते, कोरडी पडते, पिकात खंड पडतो. पॉलिहाऊसमध्ये आपणच तो खंड पडू देत नाही, कारण हप्ता चालू असतो.

(सिस्ट सूत्रकृमींचं वर नाव आलं, तर एक वाक्य त्यांच्याबद्दल. ते पेशी फुगवत नाहीत, शेजारच्या पेशींच्या भिंती विरघळवून शेकडोभर पेशींची एकच मोठी खोली करतात. निलगिरीतल्या बटाट्यावर १९६१ मध्ये हा प्रकार सापडला होता. आपल्या पॉलिहाऊसचा प्रश्न तो नाही, म्हणून पुढे जाऊ.)

वर काय दिसतं आणि पैसा कुठे जातो

झाड मरत नाही. हीच अडचण आहे. मेलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी कृषी सेवा केंद्रात गेला असता.

गाठींमुळे जलवाहिन्या वेड्यावाकड्या होतात. पाणी आहे, ड्रिप चालू आहे, तरी दुपारी बारा-एकला झाड माना टाकतं आणि संध्याकाळी परत उभं राहतं. पानं पिवळट, झाड बुटकं, फळं लहान. हे सगळीकडे एकसारखं नसतं, एका बेडच्या एका टोकाला पट्टा असतो. आपण काय करतो? पाणी वाढवतो. मग खताचा डोस वाढवतो. विद्राव्य खतांची पोती महाग, पण पीक तर वाचवायचंय. आणि त्यातला चांगला वाटा महापेशींकडे खेचला जातो. खत आपण टाकतोय, जेवतंय दुसरंच कुणी.

पुढे बुरशी येते. जखमी आणि अन्नाने भरलेलं मूळ फ्युजॅरियमसारख्या मर रोगाच्या बुरशीला आवडतं. झाडं खरंच मरायला लागतात आणि सगळे म्हणतात "मर आली". बुरशीनाशकाची आळवणी होते, थोडा फरक पडतो, परत तेच. मालकाने पॉलिहाऊस बंद करताना "मर यायची हो फार" असं सांगितलं तर कान टवकारा.

आता हिशोब. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमचे तुम्ही घाला. दहा गुंठ्यांत २८०० सिमला मिरचीची झाडं, झाडामागे साडेतीन किलो, म्हणजे ९८०० किलो. सरासरी ५० रुपये दर मिळाला तर ४ लाख ९० हजार. भाडं, रोपं, खतं, मजुरी, वाहतूक, कर्जाचा हप्ता मिळून खर्च ३ लाख ६० हजार धरला तर हातात १ लाख ३० हजार. आता उत्पादन एक चतुर्थांश घटलं. झाडं उभी आहेत, हिरवी आहेत, फक्त माल कमी. घट १ लाख २२ हजार ५००. हातात उरले साडेसात हजार. खर्च कमी झाला का? नाही, उलट खत-औषध वाढलं. ज्या धंद्यात नफा विक्रीच्या पाव हिश्श्याएवढा आहे, तिथे पाव उत्पादन गेलं की वर्ष गेलं. बँक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सांगाड्याचं कोटेशन बघते, सातबारा बघते, पाण्याचा दाखला बघते. मुळं बघत नाही. ती तुम्हालाच बघायची आहेत.

भाड्याने घेण्याआधी

जुन्या पिकाची मुळं बेडमध्ये असतात. कुदळीने खणा, ओढून तोडू नका, नाहीतर बारीक मुळं मातीतच राहतात. बादलीत धुवा. मण्यांच्या माळेसारख्या गाठी दिसल्या तर समजायचं. शेंगवर्गीय पिकाच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या उपकारक जिवाणूंच्या, मुळाच्या कडेला चिकटलेल्या, नखाने सहज सुटतात, आतून गुलाबीसर. निमॅटोडची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती काढायला गेलात तर मूळ तुटतं.

मुळं कुजून गेली असतील, जागा वर्षभर रिकामी असेल, तरी निश्चिंत होऊ नका. अंडी त्या पुंजक्यात तग धरतात आणि तणांच्या मुळांवर पिढ्या चालू राहतात. अशा वेळी कुंडी-चाचणी करा. वेगवेगळ्या बेडमधली, १५ ते २० सेंटिमीटर खोलीची माती पाच-सहा कुंड्यांत भरा, टोमॅटो लावा, पाणी देत राहा, पाच आठवड्यांनी रोपं हळूच उपटून मुळं धुवून बघा. खर्च जवळजवळ शून्य. एकच पथ्य: टोमॅटोचं साधं वाण घ्या. काही संकरित वाणांत निमॅटोडला प्रतिकार असतो, ती लावली तर गाठी येणार नाहीत आणि तुम्ही खूश होऊन करार कराल.

प्रयोगशाळेत द्यायचं असेल तर एक फरक पक्का ध्यानात घ्या. खतांसाठीचा मातीनमुना आपण सावलीत वाळवून देतो. निमॅटोडचा नमुना वाळवायचा नाही. प्रयोगशाळेत ते जिवंत कृमी पाण्यात बाहेर येऊ देऊन मोजतात. माती वाळली, उन्हात गाडीच्या डिकीत तापली, की कृमी मेले आणि रिपोर्ट "निरंक". आठ-दहा ठिकाणची मुळाजवळची ओलसर माती आणि मूठभर बारीक मुळं प्लॅस्टिक पिशवीत, सावलीत, शक्य तितक्या लवकर पोचवा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमींवरच्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचं केंद्र आहे. पुण्याचं कृषी महाविद्यालय, नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र, इथेही फोन करून कुठे तपासून मिळेल ते विचारा. तळेगाव दाभाडेला पॉलिहाऊसचं प्रशिक्षण मिळतं आणि एमआयडीसीचं फ्लोरिकल्चर पार्कही तिथेच आहे. या भागात अनुभवी माणसांची कमी नाही, विचारायला लाजू नका.

नमुन्यात निमॅटोड सापडला तर जागा सोडायचीच का? नाही. भाडं कमी करून घ्या आणि पहिले दोन-तीन महिने बिनभाड्याचे मागा, कारण तेवढा काळ जमीन सुधारण्यात जाणार. करारात हे लिहून घ्या. मालकाला गाठी असलेलं मूळ दाखवलंत की बोलणं वेगळ्या पातळीवर जातं, हे मी खात्रीने सांगतो.

उपाय, आणि ते का चालतात

वर सांगितलेली कमजोरी आठवा. बसलेला कृमी हलू शकत नाही आणि महापेशींशिवाय जगू शकत नाही. टोमॅटोतलं एमआय नावाचं प्रतिकारक जनुक नेमकं इथेच घाव घालतं. कृमीने पेशी निवडून सुई टोचली की झाड त्या पेशीच मारून टाकतं. जेवणाची पंगत बसायच्या आत पानं उचलली! हे जनुक टोमॅटोच्या एका रानटी नातेवाइकाकडून संकराने आणलंय. पण मातीचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं की ते नीट काम करत नाही. आपल्या एप्रिल-मेच्या पॉलिहाऊसमध्ये ते किती साथ देईल ते तुम्हीच ठरवा. प्रतिकारक खुंटावर कलम केलेली टोमॅटो-वांग्याची रोपंही याच विचाराने वापरतात, सोलॅनम टोरव्हम हे रानवांगं त्यासाठी प्रसिद्ध आहे.

रिकाम्या जागेत मात्र उन्हाळा आपल्या बाजूने असतो. एप्रिल-मे मध्ये बेड भिजवून पारदर्शक पातळ प्लॅस्टिकने चार ते सहा आठवडे घट्ट झाकून ठेवायचे, पॉलिहाऊसचे पडदे बंद. काळं प्लॅस्टिक नको, पारदर्शकच, ऊन आत गेलं पाहिजे. वरच्या थरातले कृमी आणि अंडी बऱ्याच प्रमाणात मरतात. खोलवरचे वाचतात, म्हणून एवढ्यावर थांबायचं नाही. त्यानंतर निंबोळी पेंड आणि शेणखतात पर्प्युरिओसिलियम किंवा पोकोनिया या बुरशी वाढवून बेडमध्ये मिसळायच्या. या बुरशी अंड्यांवर जगतात. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने यावर बरंच काम केलंय. हे लागवडीच्या आधी करायचं असतं. कृमी एकदा मुळात जाऊन बसला की बाहेरून त्याला गाठणं अवघड. रासायनिक निमॅटोडनाशकं बाजारात आहेत, पण डब्याच्या लेबलवर तुमचं पीक आहे का आणि तोडणीआधी किती दिवस थांबायचं, हे वाचल्याशिवाय घेऊ नका.

झेंडू हा मला धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात आवडलेला उपाय. झेंडूच्या बऱ्याच वाणांत कृमीची पिल्लं मुळात शिरतात, पण महापेशी नीट बनत नाहीत, आणि ती वाढ न होताच संपतात. म्हणजे झेंडू सापळ्याचं काम करतो. जून-जुलैत लावलेला झेंडू दसऱ्याला पिंपरीच्या फूल बाजारात जातो. दसऱ्याचा दर वर्षागणिक वरखाली होतो, त्यावर मोठी आशा ठेवू नका, पण जमीन सुधारताना खिशात काहीतरी येतं. सगळे वाण आणि सगळे सूत्रकृमी सारखे नाहीत, म्हणून झेंडूनंतरही कुंडी-चाचणी पुन्हा करायची.

नर्सरीचा विचार करणाऱ्यांसाठी

मोशी, रावेत, वाकडच्या सोसायट्यांना रोपं आणि माती पुरवण्याचा धंदा या पट्ट्यात वाढतोय. इथे तर तुमचं नावच पणाला लागतं. निमॅटोड स्वतः वर्षाला फार लांब जात नाही. त्याला गावोगाव नेतो तो आपला टेम्पो, लाल मातीची पोती आणि पिशवीतली रोपं. पेरूवर येणारी मेलॉइडोगायने एन्टरोलोबी ही जात तमिळनाडूतून नोंदली गेली आणि पुढे रोपांबरोबर इतर राज्यांत पसरली. ही जात टोमॅटोतल्या त्या एमआय जनुकालाही दाद देत नाही. पेरूची बाग दहा-पंधरा वर्षांची असते, म्हणजे रोपाबरोबर कृमी गेला तर गिऱ्हाईकाचं दशक गेलं.

म्हणून बाहेरून रोपं आणताना दर शंभरात चार-पाच पिशव्या फोडून मुळं बघा. नर्सरीवाला नको म्हणाला तर दुसरी नर्सरी बघा. भाजीपाल्याची रोपं कोकोपीट भरलेल्या प्रोट्रेमध्ये करा, ट्रे जमिनीवर न ठेवता मांडवावर ठेवा. पिशवीत माती भरायचीच असेल तर ती आधी उन्हात प्लॅस्टिकखाली तापवून घ्या. वापरलेले ट्रे धुऊन, निर्जंतुक करून वाळवा. आणि विकताना गिऱ्हाईकासमोर एक पिशवी तुम्हीच फोडून पांढरी, सरळ मुळं दाखवा. त्या एका रोपाची किंमत तुमच्या जाहिरात खर्चात धरा.

ज्यांना या उन्हाळ्यात जागा ठरवायची आहे त्यांनी कुंड्या फेब्रुवारीतच भरा. पाच आठवड्यांनी मार्चच्या मध्याला निकाल हातात येतो, आणि जमीन तापवायला एप्रिल-मे मोकळे राहतात.